तेरा खापरे

भिवंडीस आमच्या घराचा पाया खणला तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. कमरेइतक्या खोलीवर तांबड्या खापरांचा थर लागला. गवंडी म्हणाला, "दादा, भरावाला बरी आहेत." वडिलांनी मान डोलावली आणि मीही मोठ्या हौसेने घमेली भरभरून ती जोत्यात ओतली. ती कोणत्या काळची होती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

पुढे कॉलेजात 'पेरिप्लस' हाती आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्द्याची ती वाटाडी. तीत सुप्पारा आणि कल्लिएना, म्हणजे आपले सोपारे आणि कल्याण! रोमच्या साम्राज्याशी व्यापार करणारे बंदर आमच्या खाडीपलीकडेच होते. अभिमानाने मी सोपारे गाठले.

तेथल्या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली ते खणले, तो विटांचा स्तूप निघाला. आत दगडी पेटी. तीत तांब्याचा करंडक, त्यात रुप्याचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोबत यज्ञ सातकर्णीचे रुप्याचे नाणे. आणि सोन्याच्या करंडकात काय? मातीच्या भांड्याचे तेरा चिमुकले तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपले होते, असे पंडितजींचे मत.

ही झाली श्रद्धेची खापरे. साध्या संसाराची पाहावयाची, तर प्रवरेकाठच्या नेवाशास जावे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी १९५४ ते १९५६ मध्ये तेथे उत्खनन केले. सातवाहनकाळच्या थरात रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. आणि त्याच्या कितीतरी खाली, हजाराहून अधिक वर्षे जुन्या घरांच्या जमिनीत, तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली मडकी. आत लहानग्यांची हाडे! गेलेले लेकरूही त्या आयांनी उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नव्हते. मडके दोन्हीकडे मातीचेच. पण एक व्यापाराचे आणि एक दुःखाचे, हे कळले ते प्रत्येक थराची नोंद ठेवली म्हणून.

सोपाऱ्याच्या भाविकांनी तेरा तुकडे सोन्यात ठेवले. मी घमेलीच्या घमेली चुन्यात गाडली. आज भिवंडीत गोदामांसाठी यंत्रे दिवसभर माती उकरतात. त्या खड्ड्याच्या काठी एखादे पोर उभे असेल, तर त्याने एवढेच करावे: खापर किती हात खोल सापडले, ते लिहून ठेवावे.