कडेवरचे मूल, पोटातले मूल

गर्भारपणाच्या बाबतीत मराठी भाषेने शब्दांची किंवा सोहळ्यांची कधी कंजुषी केलेली नाही. गर्भारशी, पोटुशी, दोन जिवांची, दिवस गेलेली. तिच्यासाठी चोरओटी आहे, डोहाळजेवण आहे. जन्मलेल्या बाळासाठी पाचवी आहे, बारसे आहे, पाळणा आहे. परंतु याच काळात तिच्या कडेवर बसलेले दीड-दोन वर्षांचे जे मूल असते, त्याच्या वाट्याला एकही विधी आलेला नाही. भाषेने त्याची आठवण ठेवली तीही दुसऱ्याच्या निमित्ताने. नवे बाळ हे त्याच्या 'पाठचे' म्हणून ओळखले जाते. ज्याच्या पाठीवर ते येते, त्याचे त्या नऊ महिन्यांत काय होते, हा प्रश्न इतिहासाने फारसा विचारलेला नाही. आजचा हा दीर्घ धागा त्या मुलासाठी.

वर्धा जिल्ह्यातले, हिंगणघाट तालुक्यातले अल्लीपूर डोळ्यांपुढे आणा. कापसाच्या काळ्या शिवारातले हे गाव. हा जिल्हाच मुळी कापसाच्या भरभराटीत जन्माला आला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा उभा राहिला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटचा कापूस त्याच नावाने दूरच्या बाजारांत ओळखला जात होता. इंग्रज अधिकाऱ्यांनी गाठोडी मोजली, एकर मोजले, भाव टिपले. तो कापूस वेचणाऱ्या हातांपैकी किती हात गर्भारणींचे होते आणि त्यांची रांगती-चालती मुले बांधावर कोणापाशी होती, हे मात्र त्या जाड अहवालांत शोधून सापडत नाही.

सरकारला ती मुले दिसली ती दुष्काळात. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या मजुरांसोबत त्यांच्यावर अवलंबून असलेली, काम करू न शकणारी लहान मुलेही असतात आणि त्यांनाही पोट असते, ही गोष्ट त्या संहितांनी कागदावर मान्य केली. राज्यसंस्थेने कडेवरच्या मुलाला दिलेली ही पहिली ओळख. तीही उपासमारीच्या दारात.

वैद्यांना मात्र हे मूल फार आधीच दिसले होते, आणि या धाग्यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच आहे. साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या 'माधवनिदान' या ग्रंथात बालरोगांचे प्रकरण आहे. त्यात 'पारिगर्भिक' नावाचा रोग येतो. आई पुन्हा गर्भार राहिली आणि आधीचे मूल तिच्याच अंगावर पीत राहिले, तर त्या मुलाला होणारा हा विकार. लक्षणे अशी दिली आहेत : खोकला, मंदावलेली भूक, ओकाऱ्या, गुंगी, अन्नावरची वासना उडणे, अंग सुकत जाणे आणि पोट मात्र वाढणे. हातपाय काड्यांसारखे आणि पोट नगाऱ्यासारखे, असे मूल पाहिलेल्याला हे चित्र चटकन ओळखू येईल. या रोगाला दुसरेही एक नाव दिले आहे : 'परिभव'. परिभव म्हणजे पराभव, अवमान. पदच्युत झाल्याचे दुःख रोगाच्या नावातच साठवणारा तो वैद्य केवळ नाडी पाहणारा नसावा.

आता तिथून थेट पश्चिम आफ्रिकेत जाऊ. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स ही जमैकात जन्मलेली डॉक्टर गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करत होती. सुजलेले पाय, सोलवटलेली कातडी, विटकरी झालेले केस अशी एक ते चार वर्षांची मुले तिच्यापुढे येत. या आजाराला इथल्या बायका काय म्हणतात, असे तिने विचारले. गा भाषेतला तो शब्द होता 'क्वाशिओरकोर'. त्याचा अर्थ तिने असा नोंदवला : पाठचे भावंड आल्यावर जागा गमावलेल्या मुलाचा आजार. १९३३ मध्ये तिने या रुग्णांविषयी लिहिले, १९३५ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या लेखात हे नाव वापरले, आणि तो शब्द जगाच्या वैद्यककोशात गेला. बारा शतकांचे आणि एका महासागराचे अंतर असलेल्या दोन समाजांनी, एकमेकांची वार्ताही नसताना, एकाच मुलाकडे पाहून जवळजवळ एकच नाव ठेवले.

दोघांच्या कारणमीमांसेत मात्र फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. जुन्या समजुतीने दोष ठेवला तो गर्भारणीच्या दुधावर. 'पोटात दुसरं आहे, आता अंगावर पाजू नकोस,' हा सल्ला त्यातूनच घरोघर चालत आला. विल्यम्सने बोट ठेवले ते दूध तुटल्यानंतर मुलाच्या वाटीत काय पडते यावर. तिथे पडत होती मक्याची पातळ पेज. आपल्याकडे त्या जागी ज्वारीच्या कण्या किंवा वरणाचे वरचे पाणी ठेवून पाहा. पोट भरते, अंग भरत नाही. गर्भारणीचे दूध विषारी नसते. एरवी निरोगी असलेल्या गरोदरपणात पाजणे चालू ठेवता येते, असे आजचे वैद्यक सांगते. दूध कमी होते हे खरे, म्हणून मुलाला वरचे अन्न सकस लागते. सल्ला देणाऱ्या आजीची माया खोटी नव्हती. पण दूध तोडताना त्याच्या बदल्यात काय द्यायचे, हा सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग गरीब घरात नेहमीच गहाळ असे.

गिरण्या आणि जिन आल्यावर प्रश्नाचे रूप पालटले. शेतात झोळी बांधता येते, यंत्रापाशी नाही. विदर्भातल्या जिनांत रेच्यांना कापूस भरवायला हंगामात बायका असत. मुंबईच्या गिरण्यांमध्ये बायका कामावर जाताना मुलांना अफूच्या बाळगोळ्या देत. मूल दिवसभर निपचित पडून राही. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी कामगार बायकांच्या स्थितीची पाहणी केली, तेव्हा ही प्रथा किती सर्रास आहे हे उघड झाले. त्या आयांना निष्ठुर म्हणण्याआधी एवढेच पाहावे की अफूला पर्याय म्हणून त्यांच्यापुढे कोणी काय ठेवले होते.

कायदे आले. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये आणि आपल्या मध्य प्रांतात १९३० मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. तो गर्भारणीसाठी आणि नवजातासाठी होता. कडेवरचे मूल त्यात नव्हते. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना असे नियम करण्याची मुभा दिली की, पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी एक खोली राखून ठेवावी. १९४८ च्या कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले. पुढे पन्नासाची अट तीसवर आली. शेतमजूर बाई या हिशेबात कुठेच नव्हती, कारण शेत म्हणजे कारखाना नव्हे.

मग दोन मुलांतले अंतरच वाढवावे, हा दुसरा मार्ग. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. कर्व्यांना यापायी प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, आणि १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. हा वाद वर्ध्याच्या अंगणातही येऊन गेला, हे अनेकांना ठाऊक नसते. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या. त्या स्वतः अकरा भावंडांतल्या सहाव्या. कृत्रिम साधनांच्या बाजूने त्यांनी हिरीरीने मांडणी केली. गांधीजी संयमाच्या आग्रहावरून हटले नाहीत. संयमाचा उपदेश पुरुषाने ऐकला नाही तर बाईने काय करावे, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर त्या भेटीत मिळाले असे मला तरी वाटत नाही.

मात्र गांधीजींना या संसाराचा अनुभव नव्हता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २२ मे १९०० रोजी डर्बनला देवदास जन्मला तेव्हा रामदास लहानच होता. कळा अचानक सुरू झाल्या, डॉक्टर लगेच मिळेना, सुईण यायला वेळ लागणार. तेव्हा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी प्रसूती केली. त्रिभुवनदासांचे 'माने शिखामण' हे गुजराती पुस्तक त्यांनी आधीच नीट अभ्यासले होते. कस्तुरबांच्या मदतीला दोन महिने बाई ठेवली, पण मुलांचे पाहणे आपल्याकडे घेतले, असे ते आत्मकथेत नोंदवतात. बायको बाळंत असताना आधीच्या लेकरांना न्हाऊमाखू घालणारा बाप १९०० साली किती घरांत सापडला असता?

मुलाचे शिक्षण गर्भापासूनच सुरू होते, हा विचारही त्या आत्मकथेत आहे. तोच पुढे सेवाग्रामात संस्थेच्या रूपाने उगवला. १९३७ च्या वर्धा परिषदेत नई तालीमची मांडणी झाली, ती शाळेच्या वयाच्या मुलांसाठी होती. तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी तिची कक्षा वाढवली, आणि जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम संमेलनापासून तिचा विस्तार गर्भधारणेपासून मृत्यूपर्यंत मानला जाऊ लागला. सात वर्षांखालच्या मुलांसाठी 'पूर्व बुनियादी' शिक्षण आले. त्याच वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामात बायका-मुलांसाठी पंधरा खाटांचे कस्तुरबा रुग्णालय सुरू केले. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या अतिथिगृहात ते उभे राहिले. आज तिथे मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे.

१९४५ हेच वर्ष आणखी एका ठिकाणी महत्त्वाचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. 'अंगणवाडी' ही कल्पना तिथली. आदिवासी पाड्यांत त्यांना एक साधी गोष्ट दिसली, जी शिक्षणखात्याच्या तक्त्यांत दिसत नसे : सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भावंड आहे. आई कामावर, कदाचित पुन्हा दोन जिवांची. घरात धाकट्याला धरणारे दुसरे कोणी नाही. तेव्हा मुलीला शाळेत आणायचे तर तिच्या कडेवरच्या मुलालाही आणले पाहिजे. यातून 'विकासवाडी' घडली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताईने भावंडाला पाळणाघरात सोडायचे आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचे. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात मोठमोठे ठराव झाले. एका मुलीची कंबर मोकळी करण्याइतका नेमका विचार फार थोड्यांनी केला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. गर्भारणीची नोंद, वजन, लसी, पूरक आहार हे सारे तिथून मिळू लागले, आणि त्याचे मोल कमी लेखू नये. पण तिची रचना बारकाईने पाहा. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येऊन बसतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला घरी नेण्याचा आहार येतो. म्हणजे पाकीट घरी येते, मूल घरीच राहते. दोन बाळंतपणांत दोन-तीन वर्षांचे अंतर असेल, तर आई पुन्हा गर्भार असताना आधीचे मूल नेमके याच वयाचे असते. एका जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान चोवीस महिने जाऊ द्यावेत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पाळला, तरी पुढच्या गरोदरपणाचे बरेच महिने तिसऱ्या वाढदिवसाच्या अलीकडेच सरतात.

रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात एक तरतूद केली गेली, जी मला त्या सगळ्या कायद्याइतकीच मोलाची वाटते. कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर कामावरच्याच एका बाईला त्यांना सांभाळायला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याला दाम आहे, असे कायद्याने म्हटले. ही तरतूद सरकारी कामांपुरती होती. अल्लीपूरच्या शिवारात दिवाळीच्या मागे-पुढे जी वेचणी सुरू होते, तिला ती लागू नव्हती. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. सहाव्या महिन्यातल्या बाईने दर अर्ध्या तासाला बांधावर येऊन लेकराला पाणी पाजले, तर संध्याकाळच्या काट्यावर तेवढा कापूस कमी भरतो. हे गणित घरातल्या सगळ्यांना पाठ असते. म्हणून कडूनिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली जाते, आणि दोरी हातात घेऊन तिच्याजवळ जी बसते तिचे नाव शाळेच्या हजेरीपटावर असते. पुढच्या चौकटीत गुरुजी 'गै.' लिहितात. कारणाचा रकाना त्या पटात नसतो.