विजयनचे सहा संघ

जूनमधली गोष्ट. शाळेत प्रवेशाची गडबड चालू होती. आमचा एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन कार्यालयात आला. पोरगा आघाडीला खेळणारा, पायाला चांगला वेग. वडील म्हणाले, "सर, पोलीस भरतीचा फॉर्म निघालाय आणि ह्याला गोव्याच्या एका क्लबानं चाचणीला बोलावलंय. काय करू, तुम्हीच सांगा."

मुख्याध्यापकाला सगळे ठाऊक असते, अशी आपल्याकडे समजूत आहे. मला खेळातले फारसे कळत नाही. पण इतिहास हा माझा विषय. म्हणून मी दोघांना बसवून घेतले आणि आय. एम. विजयनची हकीगत सांगितली.

विजयनचा जन्म १९६९ सालचा, केरळातल्या त्रिशूरचा. म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. घरची गरिबी एवढी की, त्रिशूरच्या मैदानावर सामने चालू असताना हा पोरगा प्रेक्षकांत सोडा विकायचा. एका बाटलीमागे दहा पैसे मिळत. १९८७ मध्ये केरळ पोलिसांच्या संघात त्याला जागा मिळाली. अठराव्या वर्षी खेळ आणि पोट, दोन्हींची सोय झाली. १९९० मध्ये त्रिशूरलाच झालेला फेडरेशन चषक या पोलीस संघाने जिंकला, तोही गोव्याच्या साळगावकर संघाला हरवून. पुढच्या वर्षी कन्नूरला त्यांनी मुंबईच्या महिंद्राला नमवून तो राखला.

आणि नेमके १९९१ मध्ये विजयन कोलकात्याच्या मोहन बागानकडे गेला. मग पुन्हा पोलीस, पुन्हा बागान. पुढे पंजाबातल्या फगवाड्याची जेसीटी गिरणी. या गिरणीच्या संघाने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा विजयन आणि बायचुंग भुतिया एकाच आघाडीत होते. १९९७ मध्ये केरळात एफसी कोचीन हा व्यावसायिक क्लब निघाला. विजयन घरी परतला आणि त्याच वर्षी कोचीनने ड्युरँड चषक पटकावला. त्यानंतर बागान, पुन्हा कोचीन, ईस्ट बंगाल, पुन्हा जेसीटी. २००४-०५ च्या हंगामात तो आपल्या शेजारी गोव्यात, चर्चिल ब्रदर्सकडून खेळला आणि शेवटी परत ईस्ट बंगालला गेला.

"एवढे क्लब का बदलले, सर?" पोराने विचारले.

प्रश्न रास्त होता. पैसा हे एक कारण आहेच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. बाटलीमागे दहा पैसे मोजलेल्या माणसाला आकड्याची किंमत कळते. पण दुसरेही कारण इतिहासात दिसते. आपल्या देशात क्लब हा मालकाच्या मर्जीवर आणि गिरणीच्या नफ्यावर उभा असतो. कोचीन क्लब काही वर्षांतच पैशाअभावी मोडला. महिंद्राने २०१० मध्ये आणि जेसीटीने २०११ मध्ये आपला संघ बंद केला. २०१६ मध्ये साळगावकर राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. खेळाडू फिरतो असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा त्याच्या पायाखालची जमीनच हललेली असते.

या फिरतीत मल्याळी मुलगा बंगालात, पंजाबात, कोकणी मुलखात राहिला. घरी एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे फारसे नवल वाटू नये. परक्या गावात पास मागायला चार शब्द पुरतात. पगार थकला तर मागायला मात्र त्या गावची भाषा नीट यावी लागते.

वडिलांनी मुद्द्याला हात घातला. "मग पोलिसातली नोकरी सोडली ते चुकलंच म्हणायचं?"

मला तसे म्हणवेना. न सोडता तर देशाने त्याला असा पाहिला असता का? पण हेही खरे की, खेळ संपल्यावर विजयन पुन्हा केरळ पोलिसांतच गेला. २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्या वेळीही तो त्याच दलात होता. क्लब मोडले, दल राहिले. मात्र परतीचे हे दार त्याला उघडे मिळाले ते विजयन म्हणून. त्याच्याबरोबर खेळलेल्या सगळ्यांनाच ते मिळाले असेल, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

शेवटी एवढेच सांगितले की, चाचणीला जरूर जा. पण क्लबाचा करार कागदावर घ्या, पगार किती महिन्यांचा ते विचारा, दुखापत झाली तर खर्च कोण देणार तेही लिहून घ्या. आणि भरतीच्या वयाची मर्यादा कॅलेंडरवर लाल शाईने खूण करून ठेवा.

पोरगा गोव्याला गेला. जाण्याआधी वडिलांनी भरतीचा फॉर्म त्याच्या सहीसाठी पुढे केला. त्याने मुकाट्याने सही केली आणि बूट पिशवीत भरले.