अगोट, १९४३

मे महिना, १९४३. भाट्याची खाडी तरीतून ओलांडून तुम्ही सड्यावर चढता. जांभा इतका तापलाय की चपलेतूनही चटका बसतो, आणि या वाटेवर चपला घातलेले तुम्ही एकटेच. तरवाल्याला द्यायला सुटे पैसे नव्हते. ते तसे कोणाकडेच नाहीत. लढाईत तांब्याची इतकी टंचाई, की याच वर्षी सरकार मधे भोक असलेला पैसा पाडतंय.

गोळपच्या अलीकडे एका कुळाचं घर लागतं. खळ्यात पाय ठेवायला जागा नाही. एका तट्ट्यावर आंबोशी, दुसऱ्यावर आमसुलं, पलीकडे सुके बांगडे आणि त्यांच्यावर टपलेला कावळा. अगोट चाललीय. मृग लागला की बंदरं बंद, तरीचा भरवसा नाही, वाटा चिखलात. जे लागेल ते आत्ताच घरात आलं पाहिजे, आणि लवकर पिकणारं हळवं भात हाताशी येईपर्यंत, म्हणजे भादव्याच्या शेवटापर्यंत, पुरलं पाहिजे.

आजी तुमचं नाव विचारत नाही. रतांब्यांची पाटी पुढ्यात सरकवते. तुम्ही फळ फोडता, साल बाजूला ठेवता आणि बिया गडग्यापलीकडे भिरकावता.

"अरे मेल्या, टाकतोस कुठं?"

मग तुम्हाला बसल्या जागी शिकावं लागतं. साल त्याच्याच रसात भिजवायची, उन्हात घालायची, पुन्हा भिजवायची. अशी पुटं चढली की आमसूल. उरलेल्या रसात मीठ घातलं की आगळ. बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर तरंगणारी चरबी काढून मुठीत दाबायची, की झालं मुठेल. लावणीच्या चिखलात फुटलेल्या टाचांना तेच आणि तेलाची बुधली रिकामी झाली की फोडणीलाही तेच. फणसाचंही तसंच. कच्चे गरे मिठाच्या पाण्यात मुरतायत, आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात रचल्यात. श्रावणात भाजी म्हणून त्याच शिजतील.

यंदा हे सगळं जरा जास्तच घाईने चाललंय. रत्नागिरी जिल्ह्यात पिकणारं भात जिल्ह्याला कधीच पुरत नाही. तूट भरून काढायला रंगूनचा तांदूळ यायचा. मार्च १९४२मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि तो आटला. ब्रह्मदेशाचं रॉकेलही आटलं, म्हणून ओटीवरच्या दिव्यात उंडीचं कडू तेल जळतंय. त्याचा धूर डोळ्यांत जातो, तुम्ही डोळे चोळता. त्या ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याच रत्नागिरीत तीस वर्षं कैदेत राहून १९१६ साली वारला. आजीला थिबा आठवतो तो त्याच्या मोटारीमुळे. त्याच्या मुलखातल्या तांदळावाचून आपलं चुलाण अडेल, हे तेव्हा तिला कोण सांगणार!

कोकणी माणसाच्या काटकपणाचं कौतुक करताना त्याच्या ओढगस्तीचं सगळं खापर तुटपुंज्या जमिनीवर आणि धो-धो पावसावर फोडायची रीत आहे. मला ती पटत नाही. तुम्ही आजीला विचारा, गेल्या दिवाळीला खळ्यावर किती भात पडलं होतं. ती सांगेल, आणि लगेच सांगेल की त्यातलं अर्धं खोताकडे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराकडे, गेलं. अर्धेल म्हणतात त्याला. वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीवर तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावाशी नातं सांगणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ सालीच मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, पण कायदा व्हायला १९४९ उजाडणार आहे. आजीच्या कणगीला ती सहा वर्षं अजून भरायची आहेत.

कणगीत हात घालून ती अंदाज घेते. कोपरापर्यंत हात गेला तरी भात लागत नाही. थोरला लेक गिरणगावात. त्याची मनिऑर्डर येते, पण या महिन्यापासून मुंबईतही रेशन सुरू झालंय. सुटीला येताना तो पूर्वीसारखी तांदळाची पिशवी आणू शकत नाही. तुमचे डोळे आढ्याकडे जातात. तिथे पेंढ्याच्या दोरांनी गच्च आवळलेली एक मुडी टांगलीय.

"त्यात तांदूळ आहे ना?" तुम्ही विचारता.

आजी उत्तर देत नाही. चुलीपाशी बसलेली सून वळून तुमच्याकडे बघते, पाहुण्याने भलतंच काही बोलल्यासारखी. ते बियाणं आहे. दाढ, म्हणजे रोपं करायची जागा, भाजून तयार आहे. कवळ, पातेरा, शेण यांच्या राखेने ती काळी पडलीय आणि पहिल्या पावसाला ते दाणे तिच्यात पडायचे आहेत. मुलं रडली तरी मुडी सुटत नाही. टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्ल्या, चढणीचे मासे... जे फुकट उगवतं आणि जे ओढ्यातून चढून येतं, ते सगळं आधी संपवायचं.

रात्री पुरुषांची आणि मुलांची पानं आधी होतात. तुम्हालाही त्यांच्याबरोबर बसवतात: नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, भाजलेल्या बांगड्याचा तुकडा. चवीला उत्तम. मग आजी जेवते. सून शेवटी बसते, तेव्हा पिठल्याचं भांडं ती बोटाने निपटून घेते. भाकरी उरलेली नाही, पेज आहे. तिला कोणी उपाशी ठेवलेलं नाही, वाटणीच तशी बसलीय. काटकसरीचे गोडवे गाताना हे पान नेमकं कोणाला आठवत नाही. पहाटे सगळ्यांत आधी तीच उठणार आहे. राखेखालचा विस्तव फुंकून चूल पेटवणार, कारण काडेपेटीलाही पैसे पडतात. मग घराच्या पावसाळी अंगाला झाप बांधायचेत, शेणी पडवीत आणायच्या आहेत, फाटलेल्या इरल्यात नवी पानं घालायची आहेत.

शाकारणीला उद्या शेजारची चार माणसं येणार. मजुरी नाही, सावड आहे. त्यांचं छप्पर परवा. आजी तुमचे हात उलटेपालटे करून बघते आणि वर चढायला नको, खालून पेंढा दे, असं ठरवून टाकते. तुम्ही मोकळे होता आणि थोडे ओशाळताही.

"किती दिवस आहेस?"

"माहीत नाही," तुम्ही म्हणता.

"मृगानंतर तरीचं काही सांगता येत नाही. राहिलास तर हळव्यापर्यंत राहायला लागेल." ती पुन्हा कणगीपाशी जाते, पायलीचं माप उचलते आणि पाठमोरीच विचारते, "एका वेळेला किती भाकऱ्या लागतात तुला? खरं सांग."