कँटरबरीचा गोतावळा

सॉफ्ट मशीन, कॅरव्हॅन, गाँग, एग, खान, मॅचिंग मोल, हॅटफिल्ड अँड द नॉर्थ, क्वाएट सन, नॅशनल हेल्थ. ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकमधली ही नावं पिंक फ्लॉइड किंवा येसच्या मानाने फार थोड्यांच्या कानावर गेली आहेत. मी वर्षानुवर्षं या मंडळींच्या तबकड्या गोळा करतो आहे, आणि वेष्टनाच्या पाठीवर छापलेली वादकांची नावं वाचणं हा माझ्या ऐकण्याचाच भाग होऊन बसला आहे. एका बँडमधून गेलेला माणूस तिसऱ्याच बँडमध्ये भेटतो, तिथला ड्रमर चौथ्यात सापडतो. लोक याला प्रश्नमंजूषेचा माल समजतात. मला हा इतिहास वाटतो, कारण हे धागे धरून मागे मागे गेलं की आपण एका घराच्या दारात जाऊन उभे राहतो. त्या घराच्या मालकिणीला रॉकच्या इतिहासात तिच्या हक्काची जागा अजून मिळालेली नाही.

त्यांचं नाव ऑनर वायॅट. बीबीसीसाठी काम केलेल्या पत्रकार. केंट परगण्यात, कँटरबरी आणि डोव्हर यांच्या मध्ये, लिडन नावाचं खेडं आहे. तिथे वेलिंग्टन हाउस या जुन्या ऐसपैस घरात त्या पती जॉर्ज एलिज आणि मुलगा रॉबर्ट यांच्यासह राहत. घर मोठं, खर्चही मोठा, म्हणून खोल्या भाड्याने दिलेल्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातल्या एका खोलीत डेव्हिड अ‍ॅलन नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण राहायला आला. रॉबर्टपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, सोबत जॅझच्या तबकड्या आणि अमेरिकी बीट कवींचं वेड. शाळकरी रॉबर्टला आणि त्याच्या मित्रांना तो आयता गुरू मिळाला.

हे मित्र म्हणजे कँटरबरीच्या सायमन लँग्टन शाळेतली मुलं. माइक रॅटलेज तिथलाच, ब्रायन आणि ह्यू हॉपर हे भाऊही तिथलेच, पुढे कॅरव्हॅनचा ऑर्गन वाजवणारा डेव्ह सिंक्लेअरही त्याच शाळेचा. शाळा सुटली की लिडनच्या त्या घरी उठबस. घरात पुस्तकं, पियानो, आधुनिक संगीताच्या तबकड्या, आणि पोरांना ‘आवाज कमी करा’ म्हणून न दटावणारे आईवडील. रॉबर्टने पुढे आडनाव लावलं तेही आईचंच. (ऑनरबाईंच्या पहिल्या लग्नाचा मुलगा म्हणजे नट ज्युलियन ग्लोव्हर. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहिलेल्यांना तो म्हातारा मेस्टर पायसेल म्हणून आठवेल. तो आणि रॉबर्ट वायॅट एका आईची मुलं.)

१९६३ मध्ये जॉर्ज एलिज वारले, ते घर सुटलं, पण मंडळी पांगली नाहीत. १९६४ मध्ये वाइल्ड फ्लॉवर्स हा बँड निघाला: हॉपर बंधू, वायॅट, केव्हिन एअर्स, रिचर्ड सिंक्लेअर. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यात पाय हेस्टिंग्ज, रिचर्ड कॉफलन आणि डेव्ह सिंक्लेअर आले. डेव्ह आणि रिचर्ड हे चुलतभाऊ. या बँडने हयातीत एकही तबकडी काढली नाही. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं १९९४ मध्ये सीडीवर आली, तोवर त्यातली बहुतेक मंडळी पन्नाशीला टेकली होती. पण त्याच्या पोटातून दोन घराणी निघाली. वायॅट, एअर्स, रॅटलेज आणि अ‍ॅलन यांचं सॉफ्ट मशीन १९६६ मध्ये, आणि हेस्टिंग्ज, कॉफलन व दोघे सिंक्लेअर यांचं कॅरव्हॅन १९६८ मध्ये.

झिगझॅग मासिकाचा संस्थापक पीट फ्रेम याने रॉक बँडांच्या वंशावळी हाताने, बारीक अक्षरात काढल्या, त्यांचं पुस्तक १९७९ मध्ये आलं. आपल्याकडचे कुलवृत्तान्त चाळलेल्या माणसाला ती पानं लगेच ओळखीची वाटतात. फरक एवढाच, की इथे शाखा फुटते ती कुणी सोडून गेल्यामुळे. हे सूत्र एकदा ध्यानात आलं की पुढची गुंतागुंत सोपी होते.

पहिलं उदाहरण अ‍ॅलनचंच. १९६७ मध्ये सॉफ्ट मशीन फ्रान्समध्ये कार्यक्रम करून परतत असताना, आधीच्या व्हिसाची मुदत उलटल्याच्या कारणावरून त्याला इंग्लंडमध्ये प्रवेश नाकारला गेला. बाकीचे घरी आले, तो पॅरिसला राहिला, आणि तिथे जिली स्मिथबरोबर त्याने गाँग उभा केला. इकडे सॉफ्ट मशीन १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सबरोबर अमेरिकेत फिरलं. त्या दौऱ्यात सामानसुमान सांभाळायला ह्यू हॉपर होता. काही आठवडे गिटारवर अँडी समर्स होता, जो पुढे द पोलिसमधून जगभर पोचला. दौरा संपता संपता एअर्स थकून बाहेर पडला आणि सामान वाहणाऱ्या हॉपरच्या हातात बास गिटार आली.

एअर्सने पुढे द होल वर्ल्ड हा बँड काढला, त्यात बास वाजवायला सोळा वर्षांचा माइक ओल्डफील्ड होता. १९७१ मध्ये हा बँड मोडला तेव्हा एअर्सने या मुलाला आपलं टेप मशीन दिलं. बँग अँड ओलुफसेन कंपनीचं, दोन ट्रॅकचं. असं मशीन नवीन आवाज नोंदवताना आधी जुना पुसतं, त्यासाठी त्यात वेगळा हेड असतो. ओल्डफील्डने त्या हेडवर पुठ्ठ्याचा तुकडा लावला. आता जुनं पुसलं जाईना, आणि त्याला एकट्याला एकावर एक थर चढवता येऊ लागले: आधी ऑर्गन, त्यावर बास, त्यावर गिटार. उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅमच्या खोलीत असे तयार झालेले तुकडे म्हणजे ‘ट्युब्युलर बेल्स’चा कच्चा आराखडा. व्हर्जिन कंपनीने २५ मे १९७३ ला जन्म घेताना पहिली तबकडी काढली ती हीच. तिच्या शेजारचा क्रमांक त्याच दिवशी निघालेल्या गाँगच्या ‘फ्लाइंग टीपॉट’चा. म्हणजे सॉफ्ट मशीनच्या एका संस्थापकाने दिलेलं यंत्र आणि दुसऱ्या संस्थापकाने काढलेला बँड, या दोन पायांवर व्हर्जिन उभी राहिली. कंपनीच्या यशाच्या कथा सांगताना हे क्वचितच कुणी सांगतं, आणि मला ते खटकतं.

दुसरी शाखा लंडनची. सिटी ऑफ लंडन स्कूलमधली तीन मुलं, स्टीव्ह हिलेज, डेव्ह स्ट्युअर्ट आणि माँट कॅम्पबेल, यांनी क्लाइव्ह ब्रुक्स या ड्रमरला घेऊन युरिएल नावाचा बँड काढला. १९६८ मध्ये हिलेज कँटरबरीला केंट विद्यापीठात शिकायला गेला. उरलेल्या तिघांनी गिटारशिवायच पुढे जायचं ठरवलं आणि बँडचं नाव एग झालं. स्ट्युअर्टचा ऑर्गन आणि विषम मात्रांचे हिशेब हे त्यांचं वैशिष्ट्य. त्यांची पहिली सिंगलच पाच, सात, अकरा मात्रांच्या ठेक्यांवर होती.

१९६९च्या जून महिन्यात हिलेजसह या चौघांना एका छोट्या स्टुडिओने तबकडीसाठी बोलावलं. एगचा करार दुसऱ्या कंपनीशी झालेला, त्यामुळे खरी नावं छापायची सोय नाही. मग एका दुपारात सगळं वाजवून झालं, बँडला चंद्रावरच्या एका विवराचं नाव दिलं, आर्झाकेल, आणि वेष्टनावर खोटी नावं व खोटी चरित्रं छापली: हिलेज झाला सिमियन सॅस्पारेला, स्ट्युअर्ट झाला सॅम ली-अफ. चौघेही विशीच्या आतले. ती तबकडी ऐकताना मला आजही चकित व्हायला होतं ते स्ट्युअर्टच्या ऑर्गनने. दुसरी बाजू बहुतांशी एकाच लांब वादनाने भरलेली आहे, त्यात कुठेही घाई नाही, आणि पुन्हा वाजवायला वेळ नाही ही भीतीही ऐकू येत नाही. तेव्हा तिचा फारसा खप झाला नाही. आज तिची मूळ प्रत संग्राहकांना भारी किमतीला घ्यावी लागते.

क्लाइव्ह ब्रुक्सचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. एग मोडल्यावर तो ग्राउंडहॉग्ज या ब्लूज बँडमध्ये वाजवू लागला, आणि नंतर पिंक फ्लॉइडच्या निक मेसनचा ड्रम तंत्रज्ञ झाला. इतक्या अवघड मात्रा वाजवलेला माणूस मोठ्या मैदानांत दुसऱ्याचे ड्रम लावून देत होता. मेसनच्या वादनावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, ब्रुक्सबद्दल शोधूनही थोडंच सापडतं.

हिलेज विद्यापीठात फार टिकला नाही. त्याने खान काढला, १९७२च्या ‘स्पेस शँटी’ या तबकडीत ऑर्गनवर पुन्हा डेव्ह स्ट्युअर्ट. मग एअर्सबरोबर काही काळ, मग गाँग. १९७६च्या त्याच्या ‘एल’ या तबकडीवर एका रचनेचं नाव ‘ओम नम: शिवाय’ आहे, हे आपल्याकडच्या वाचकांना आवर्जून सांगतो.

रॉबर्ट वायॅट १९७१ मध्ये सॉफ्ट मशीनमधून बाहेर पडला, आणि इथे ऑनरबाईंचं दुसरं घर येतं. त्या आता दक्षिण लंडनमध्ये वेस्ट डलिचला राहत होत्या. सॉफ्ट मशीनची मंडळी तिथे मुक्कामाला असत, आणि जवळच्या डलिच कॉलेजची मुलं तिथे येऊन जाऊन असत. त्यातल्या बिल मॅकॉर्मिकला वायॅटने आपल्या नव्या बँडमध्ये, मॅचिंग मोलमध्ये, बास वाजवायला घेतलं. बिल आणि त्याचा शाळासोबती फिल मॅन्झनेरा यांचा क्वाएट सन हा बँड तबकडी न काढताच थांबला होता. मॅन्झनेरा रॉक्सी म्युझिकमध्ये जाऊन प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये स्वत:च्या तबकडीसाठी मिळालेल्या स्टुडिओच्या वेळातच त्याने जुन्या मित्रांना बोलावून क्वाएट सनची ‘मेनस्ट्रीम’ही करून घेतली. बिलचा भाऊ इयन याने पुढे इयन मॅक्डोनल्ड या नावाने बीटल्सवर ‘रेव्होल्यूशन इन द हेड’ लिहिलं. रॉकवरच्या पुस्तकांत त्याच्या तोडीची फारच थोडी आहेत.

१ जून १९७३ ला लंडनच्या मेडा व्हेल भागात वाढदिवसाची मेजवानी होती. उत्सवमूर्ती दोन: जून क्रेमर, जिला सगळे लेडी जून म्हणत, आणि गाँगची जिली स्मिथ. तिथे वायॅट चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला आणि कमरेखाली कायमचा लुळा झाला. ड्रम संपले. ‘ट्युब्युलर बेल्स’ येऊन तेव्हा एक आठवडा झाला होता.

पुढे जे घडलं त्यासाठी मी या माणसांना जीव लावला आहे. ४ नोव्हेंबरला पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन यांनी रेनबो थिएटरमध्ये त्याच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. ज्या बँडमधून तो दुखावून बाहेर पडला होता, तोच बँड त्याच्यासाठी वाजवायला उभा राहिला. मग ‘रॉक बॉटम’ ही तबकडी आली, निर्माता निक मेसन. बासवर ह्यू हॉपर आणि रिचर्ड सिंक्लेअर, म्हणजे वाइल्ड फ्लॉवर्समधले दोघे. शेवटच्या रचनेत गिटार माइक ओल्डफील्डची. २६ जुलै १९७४ ला ती प्रसिद्ध झाली, आणि त्याच दिवशी वायॅटने अल्फ्रेडा बेंजशी लग्न केलं.

हॅटफिल्ड अँड द नॉर्थबद्दल थोडक्यात. लंडनहून उत्तरेला जाताना रस्त्यावर दिसणाऱ्या पाटीवरून हे नाव घेतलेलं. कॅरव्हॅनचा रिचर्ड सिंक्लेअर, एगचा डेव्ह स्ट्युअर्ट, मॅचिंग मोलचा फिल मिलर, गाँगचा पिप पाइल. मिलर आणि पाइल आधी डिलिव्हरी या बँडमध्ये एकत्र होते, आणि मिलरचा भाऊ स्टीव्ह कॅरव्हॅनमध्ये जाऊन एक तबकडी वाजवून आला होता. १९७५च्या ‘द रॉटर्स क्लब’वर बासरी वाजवतो जिमी हेस्टिंग्ज, कॅरव्हॅनच्या पाय हेस्टिंग्जचा भाऊ. याच तबकडीचं नाव जोनाथन को याने २००१ मध्ये आपल्या कादंबरीला दिलं. मागे गाणाऱ्या तिघींपैकी बार्बरा गॅस्किन केंट विद्यापीठातली, स्पिरोजायरा या लोकसंगीताच्या बँडची गायिका. १९८१ मध्ये तिने आणि स्ट्युअर्टने ‘इट्स माय पार्टी’ हे जुनं गाणं नव्याने केलं आणि ते चार आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिलं. या सगळ्या गोतावळ्याच्या वाट्याला असं यश क्वचितच आलं. हॅटफिल्ड तर तोवर पैशाअभावी मोडून सहा वर्षं झाली होती, आणि रिचर्ड सिंक्लेअरला पोटासाठी अधूनमधून सुतारकाम करावं लागे.

हेच या अदलाबदलीचं खरं कारण. पैसा नव्हता, म्हणून बँड टिकत नव्हते. पण ते संगीत इतकं अवघड, की ते वाजवणारी माणसं इंग्लंडभरात मूठभरच होती. त्यामुळे फुटलेला माणूस फिरून त्याच वर्तुळात येई. कीबोर्ड वाजवणारा अ‍ॅलन गोवेन घ्या. त्याचा बँड गिल्गमेश. १९७३ मध्ये त्याने गिल्गमेश आणि हॅटफिल्ड या दोन्ही बँडांनी एकत्र बसून वाजवायची रचना लिहिली. पुढे तो आणि स्ट्युअर्ट यांनी नॅशनल हेल्थ उभा केला. गोवेन १९८१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. तेव्हा मोडलेला नॅशनल हेल्थ परत एकत्र आला आणि १९८२ मध्ये केवळ त्याच्या रचनांची ‘डी. एस. अल कोडा’ ही तबकडी काढली.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर कॅरव्हॅनची १९७१ची ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’ घ्या, तिच्या दुसऱ्या बाजूवरचं बावीस मिनिटांचं वादन सलग ऐका. मग ‘द रॉटर्स क्लब’, मग ‘रॉक बॉटम’. मोबाइलवर ऐकताना वादकांची नावं बहुतेकदा समोर येत नाहीत. ती शोधा, लिहून काढा, आणि त्या यादीच्या डोक्यावर पहिलं नाव ऑनर वायॅट यांचं लिहा.