मध्य आशियातील प्रादेशिक विषमता

१९९१ मध्ये सोव्हिएट संघ विघटित झाल्यावर स्वतंत्र झालेल्या कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, किर्गिझस्तान व ताजिकिस्तान या पाच देशांमधील आर्थिक, सामाजिक व पर्यावरणीय तफावत. सिरदर्या व अमुदर्या या नद्यांचे पाणी मुख्यत्वे किर्गिझस्तान व ताजिकिस्तान यांच्या हिमाच्छादित पर्वतांतून येते. खनिज तेल, नैसर्गिक वायू व ओलिताखालची विस्तीर्ण मैदाने मात्र खालच्या अंगाच्या तीन देशांच्या वाट्याला आली. परिणामी पाण्याचे धनी असलेले दोन्ही देशच सर्वांत गरीब राहिले असून कझाकस्तानचे दरडोई उत्पन्न ताजिकिस्तानच्या सुमारे दहापट आहे. १९९२–९७ च्या यादवी युद्धात होरपळलेल्या ताजिकिस्तानातील असंख्य कुटुंबे रशियात मजुरीला गेलेल्यांनी पाठविलेल्या पैशांवर जगतात.

या विषमतेचे मूळ निसर्गापेक्षा मोडलेल्या व्यवस्थेत अधिक आहे. सोव्हिएट काळात किर्गिझस्तानातील टोक्टोगुल जलाशयातून उन्हाळ्यात खालच्या कापूसशेतीला पाणी सोडले जाई आणि त्या बदल्यात हिवाळ्यासाठी कोळसा, वायू व वीज मिळे. स्वातंत्र्यानंतर इंधनाला बाजारभाव लागू झाला, पाण्याला मात्र मोल मिळाले नाही. १९९२ च्या अल्माटी कराराने पाणीवाटपाचे जुने प्रमाण कायम ठेवले, पण इंधनाची हमी दिली नाही. तेव्हा घरे उबदार ठेवण्यासाठी किर्गिझस्तानने हिवाळ्यातच पाणी सोडून वीज निर्माण केली, आणि खालच्या खोऱ्यांत हिवाळी पूर व उन्हाळी टंचाई असे दुहेरी संकट ओढवले. १९९८ च्या सिरदर्या कराराने ही देवघेव पुन्हा बसविण्याचा प्रयत्न केला, परंतु तो नीट पाळला गेला नाही.

पर्यावरणीय हानीची भरपाईही ऐपतीनुसारच झाली. कापसासाठी पाणी वळविल्यामुळे १९६० च्या सुमारास ६८,००० चौ. किमी. असलेला अरल समुद्र आटत गेला. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या साहाय्याने २००५ मध्ये कोक-अरल धरण बांधून उत्तरेकडील भाग सावरला व तेथे मासेमारी पुन्हा सुरू झाली. दक्षिणेकडील भाग बहुतांशी कोरडा पडला. उझबेकिस्तानातील काराकालपाकस्तानच्या लोकांना, ज्यांचा पाणी वळविण्याच्या निर्णयांत काहीच वाटा नव्हता, उघड्या पडलेल्या तळावरून उडणारी मीठ व कीटकनाशकमिश्रित धूळ आजही श्वासातून घ्यावी लागते.

पाणीवाटपाचा प्रश्न या पाच देशांपुरताच नाही. अफगाणिस्तान अमुदर्येच्या खोऱ्यात असूनही १९९२ च्या अल्माटी कराराबाहेर राहिला. त्याने २०२२ मध्ये हाती घेतलेला, सुमारे २८५ किमी. लांबीचा कोश तेपा कालवा पूर्ण झाल्यावर उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तान यांचे पाणी घटण्याची शक्यता आहे.