खिशातला पेन आणि पेटीतल्या वह्या

फाउंटन पेन जमवणे, निरनिराळ्या शाया वापरून बघणे हा पोट भरलेल्यांचा छंद, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे काही मित्र विचारतात. संबंध आहे, आणि तो जुना आहे.

दिव्याची काजळी आणि डिंक खलून शाई करणे किंवा बोरू तासणे कधीच अवघड नव्हते. अवघड होता तो अधिकार मिळणे. गावाचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती होते. सरकारी वसूल डोक्यावरून पोहोचवणाऱ्या महाराला त्या वसुलाचा कागद वाचता येत नव्हता. शाई आमच्यापर्यंत आली ती अंगठ्याला लावण्यापुरती. 1848 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा काढली तेव्हा या मक्तेदारीला पहिला मोठा तडा गेला.

1884 साली अमेरिकेत वॉटरमनने आपल्या फाउंटन पेनाचे पेटंट घेतले. आता दौत सोबत वागवायची गरज उरली नाही. बाबासाहेबांना चांगल्या पेनांची आवड होती, हे त्यांच्या सहवासातल्यांनी सांगितलेले आहे. 1920 मध्ये 'मूकनायक', 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत'. त्यातला बराचसा मजकूर त्यांनी एकहाती लिहिला. म्हणून पुतळ्याच्या खिशातला पेन आपल्याला दागिना वाटत नाही. तो कामाचे हत्यार आहे.

पण हत्याराची पूजा करताना त्याने केलेले काम आपण सांभाळतो का? बाबासाहेबांचे कितीतरी लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. 'रिडल्स इन हिंदुइझम' लोकांपुढे आले ते 1987 साली, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने. मधल्या काळात ते कागदांच्या भरवशावर होते.

इथे शायांची माहिती असलेला छांदिष्ट आपल्या उपयोगाचा आहे. काजळीची शाई शेकडो वर्षे काळी राहते. लोहाचे क्षार आणि हिरड्यासारख्या फळांतले टॅनिन यांची शाई पक्की असते, पण आम्लामुळे कागद खाते. शाळेत आपण वापरली ती धुतली जाणारी निळी शाई रंगद्रव्याची. ती उन्हाने उडते आणि एका गळक्या पत्र्याखाली वाहून जाते.

आता आपल्या घरांतल्या पेट्या आठवा. आजोबांची जलशाची बाडे, समता सैनिक दलाच्या शाखेच्या वह्या, विहाराच्या वर्गणीचे हिशेब, धम्मदीक्षेनंतर नातलगांना लिहिलेली पत्रे. यातले बरेचसे अशाच स्वस्त निळ्या शाईत आहे. सरकारी दप्तरखान्यात आपली नोंद बहुधा दुसऱ्याने केलेली सापडते. आपली स्वतःची नोंद या पेट्यांत आहे.

6 डिसेंबरला फुलांऐवजी 'एक वही, एक पेन' नेण्याची रीत चांगलीच रुजली आहे. तिला एक जोड द्या. घरातली एक जुनी वही शोधा, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा, प्लास्टिकमध्ये चिकटवू नका, पानापानाचा फोटो घ्या, आणि लिहिणाऱ्याचे नाव, गाव व साल वेगळ्या कागदावर पेन्सिलने नोंदवा. येत्या पावसाळ्याआधी एवढे करा.

जय भीम!