सीडीवरचे नाव: घरगुती छपाई आणि झाडीपट्टीची स्मृती

१/ १७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीत हानोव्हरजवळच्या लांगेनहागेन येथील कारखान्यात पहिल्या सीडींचे उत्पादन सुरू झाले. अवघ्या नऊ दिवसांनी, २६ ऑगस्टला, चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. तो जुळून आला वीसेक वर्षांनी, घरोघरी सीडी राइट होऊ लागल्या तेव्हा. त्यातून एक साधा दिसणारा प्रश्न उभा राहिला: या तबकडीवर नाव लिहायचे कशाने?

२/ कंपनीच्या सीडीवरील चित्र कारखान्यात शाईने छापलेले असे आणि ती छपाई हजारोंच्या संख्येतच परवडे. घरी केलेल्या प्रती मात्र पाच, दहा, फार तर पन्नास. रिकामी सीडी आणि भरलेली सीडी वरून एकसारखीच दिसे. आत लग्न आहे की नाटक, हे यंत्रात घातल्याशिवाय कळायला मार्ग नसे.

३/ झाडीपट्टीत या प्रश्नाला वेगळे वजन होते. धानाची कापणी आटोपली की दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्याचे केंद्र. नाटक रात्री उभे राहते आणि पहाटेपर्यंत रंगते. व्हीसीडीत मात्र जेमतेम ७४ मिनिटांचे चित्रण मावे. सहा तासांच्या प्रयोगाला पाच व्हीसीडी लागणार. दर्जा राखून डीव्हीडी केली, तर तीन. तबकड्यांवर क्रमांक नसेल, तर तिसरा अंक पहिल्याच्या आधी लागणार.

४/ आता तबकडीची रचना पाहू. सीडीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. चकाकणारी खालची बाजू नाजूक, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात सीडीतील माहितीचा थर वरच्या, नावाच्या बाजूला लगटून असतो. त्यावर वार्निशसारखे पातळ आवरण तेवढे असते. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित राहतो. म्हणजे सीडीवर नाव घालताना हात नेमका तिच्या मर्मस्थानी पडतो.

५/ सर्वांत स्वस्त साधन पेन. बॉलपेनचे टोक वरच्या आवरणावर ओरखडा पाडू शकते, उग्र वासाच्या मार्करमधील द्रावक ते आवरण पोखरू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडी जतनाची मार्गदर्शिका काढली. तिने मऊ टोकाच्या, पाण्यावर आधारित शाईच्या पेनाची शिफारस केली. मधल्या छिद्राभोवतीच्या पारदर्शक कड्यावर लिहिणे सर्वांत निर्धोक.

६/ दुसरा मार्ग गोल स्टिकरचा. कोणत्याही साध्या प्रिंटरवर छापा आणि चिकटवा. दिसायला देखणा, म्हणूनच मोहात पाडणारा. परंतु वेगवान ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते. स्टिकर केसभर सरकला, तरी तोल जातो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या चंद्रपुरात डिंक सैल होतो, कडा उचलतात. आणि स्टिकर सोलू जावे, तर त्यासोबत माहितीचा थरही निघून येण्याचा धोका. वरील मार्गदर्शिकेने दीर्घकाळ जपायच्या डिस्कवर स्टिकर नकोच, असे बजावले होते.

७/ तिसरा मार्ग म्हणजे थेट डिस्कवर छापणारा इंकजेट प्रिंटर. त्यासाठी दोन गोष्टी लागत: डिस्क बसेल असा खाचेचा ट्रे असलेला प्रिंटर आणि शाई शोषणारा पांढरा लेप दिलेली ‘प्रिंटेबल’ डिस्क. एप्सनने घरगुती प्रिंटरमध्ये ही सोय आणली आणि फोटो स्टुडिओंचे काम सोपे झाले. वर-वधूचे रंगीत छायाचित्र थेट तबकडीवर उमटू लागले.

८/ येथेही हवामान आडवे येते. गडचिरोलीचे वार्षिक पर्जन्यमान सव्वा हजार मिलिमीटरच्या वर. स्वस्त ‘डाय’ शाई पाण्यात विरघळते. पावसाळ्यातील ओलसर बोटानेही नाव फिसकटते. पिगमेंट शाई अधिक टिकाऊ, पण महाग. शिवाय प्रिंटर महिनोन्‌महिने बंद राहिला, तर उन्हाळ्यात शाई वाळून हेड चोंदते. वर्षातून चार डिस्क छापणाऱ्या घराला म्हणूनच हा प्रिंटर फारसा मानवणारा नव्हता.

९/ चौथा मार्ग उष्णतेने रिबनवरील रंग उतरवणाऱ्या यंत्राचा. कॅसिओची अशी छोटी यंत्रे होती. अक्षर ओलाव्याला दाद देत नसे. परंतु छपाई बहुधा एकरंगी आणि पट्टीपुरती. रिबन संपली की नवी मिळवणे हे मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्याला वेगळेच काम.

१०/ पाचवा मार्ग एचपीचे ‘लाइटस्क्राइब’ तंत्र, २००४ साली जाहीर झालेले. डिस्क राइट केल्यावर उलटी घालायची. तोच लेसर वरच्या बाजूवर अक्षरे कोरी. शाई नाही, प्रिंटर नाही. पण खास डिस्क आणि खास ड्राइव्ह हवा, पूर्ण चित्राला वीसेक मिनिटे लागत. भारनियमनाच्या त्या वर्षांत अखंड वीज गृहीत धरणेच कठीण होते. उजेडात ठेवल्यास ठसा फिकाही पडे.

११/ मग निवड कशी करायची? शेकडो प्रती देणाऱ्या स्टुडिओला ट्रे असलेला इंकजेट योग्य. मोजक्या, पण पिढ्यान्‌पिढ्या जपायच्या प्रतींना मऊ पेन पुरेसे. स्टिकर कोणालाच नको. प्रिंटरच्या किमतीआधी शाईची, रिबनची आणि प्रिंटेबल डिस्कची उपलब्धता पाहावी; कारण प्रिंटर एकदाच घ्यायचा असतो, त्याचे खाद्य कायम.

१२/ इतिहासाच्या दृष्टीने चित्रापेक्षा अक्षरे मोलाची. नाटकाचे नाव, मंडळ, गाव, तारीख, ‘५ पैकी २’ असा क्रमांक. वर-वधूचे छायाचित्र घरातल्यांना ओळखू येते, संशोधकाला नाही. दंडार किंवा खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांचे बरेच काही कागदावर आलेलेच नाही. त्याच्या चित्रणाला गाव आणि साल नसेल, तर ते साधन म्हणून निम्मे निकामी होते.

१३/ पुढे पेनड्राइव्ह आणि मोबाइल आले, लॅपटॉपमधून ड्राइव्ह गेले. डिस्कवर छापणारे प्रिंटर मात्र टिकले. एप्सनचे एल८०० आणि एल८०५ आज देशभरच्या दुकानांत प्लास्टिकची ओळखपत्रे छापतात. तबकडीच्या ट्रेची जागा कार्डाच्या ट्रेने घेतली, इतकेच.

१४/ २०२३ साली झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीकडे राज्याबाहेरचेही लक्ष गेले. तिचा अलीकडचा इतिहास लिहिणाऱ्याला पेटीतल्या, कपाटातल्या निनावी तबकड्या लागणार आहेत. ज्यांच्या घरी त्या असतील, त्यांनी चालू ड्राइव्ह मिळतो आहे तोवर त्या एकदा लावून पाहाव्यात, प्रत काढावी आणि मधल्या पारदर्शक कड्यावर मऊ पेनाने गाव आणि साल लिहून ठेवावे. प्रयोग पाहिलेली माणसे अजून आहेत. त्यांना विचारता येते.